मटी जशे

लिफ्टवाल्याने काय लिहायचं? वर गेलो, खाली आलो, झालं. मंडळाच्या चिटणीसांना मी हेच सांगितलं होतं. पण ते ऐकेनात. म्हणाले, काका, तुमचा जन्म सरकारी दवाखान्यात गेला, सगळ्या सुरतेची माणसं तुमच्या लिफ्टमधून वर-खाली झाली, दिवाळी अंकाला चार पानं द्यायला तुमचं काय जातंय? आता त्यांना कोण सांगणार, की लिफ्टवाल्याचं तोंड बटणांकडे असतं आणि पाठ माणसांकडे. बघितलं असं फारसं काही नाही. ऐकलं मात्र खूप.

शोभा असती तर तिने हे लिहूच दिलं नसतं. सणासुदीला दवाखान्याच्या गोष्टी कसल्या सांगता, म्हणाली असती. शोभा म्हणजे माझी बायको. ती या चैत्रात गेली. आता घरात अडवायला कुणी नाही, म्हणून लिहायला बसलोय. आणि खरं सांगायचं तर मला एकाच शब्दाची गोष्ट सांगायची आहे. बाकीचं तिच्या आजूबाजूचं आहे.

आम्ही मूळचे नंदुरबारकडचे. वडील उधन्याला लूम्सच्या खात्यात होते. यंत्रमागाच्या कारखान्याला आमच्या सुरतेत खातं म्हणतात. त्या खात्यांमध्ये आवाज एवढा असतो की शेजारच्या मागावरच्या माणसाशी बोलायचं तर ओठांकडे बघून बोलावं लागतं. वडिलांचे कान चाळिशीच्या आतच गेले. म्हणून त्यांनी मला खात्यात घातलं नाही, ओळखीने दवाखान्यात चिकटवलं. घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि बाजारात गुजराती असा आमचा संसार. चार भाषा येतात पण एकही धड येत नाही, असं शोभाचं माझ्याबद्दल मत होतं. दवाखान्यात तेवढंही पुष्कळ झालं.

आता लिफ्ट म्हणजे काय ते थोडं सांगतो. माझी लिफ्ट मोठी, स्ट्रेचर मावणारी, जाळीच्या दरवाजाची. बटण दाबलं की आपोआप मजल्यावर जाऊन थांबणारी नव्हे. बटणांची पाटी होती ती कुठल्या मजल्यावरून बोलावणं आलं ते दाखवायला, चालवायला एक दांडा होता. तो फिरवला की लिफ्ट चालायची आणि सोडला की थांबायची. सगळी करामत थांबवण्यात. लिफ्टची जमीन आणि मजल्याची जमीन एका रेषेत यायला हवी, त्याला आम्ही लेव्हल घेणं म्हणायचो. बोटभर खालीवर झालं तरी स्ट्रेचरचं चाक अडकतं, गचका बसतो, आणि वर झोपलेल्या माणसाचे टाके ताजे असतात. त्याच्या तोंडून जी हाय निघते ती लिफ्टवाल्याच्या नावाने निघते. माझ्या लेव्हलला ऑपरेशनच्या मजल्यावरच्या सिस्टर नावाजायच्या. गर्व म्हणा, पण नोकरीत मला दुसरा कसलाच गर्व करता आला नाही.

माझ्या लिफ्टला दोन दरवाजे होते. पुढचा सगळ्या मजल्यांवर उघडायचा. मागचा फक्त तळमजल्यावर, कारण तिकडून शवागाराकडे जायचा रस्ता होता. ट्रॉली घेऊन आलेला वॉर्डबॉय नातेवाइकांसमोर मेला-गेला असं काही बोलायचा नाही. नुसता "मागे" म्हणायचा. मग मी लिफ्टमध्ये दुसऱ्या कुणाला घ्यायचो नाही, मधे कुठे थांबायचो नाही. पहिल्या वर्षी "मागे" ऐकलं की मी ट्रॉलीकडे न बघता भिंतीला चिकटून उभा राहायचो. पुढे सवय झाली. ही सवय झाली याचंही मला कधीकधी वाईट वाटायचं.

सरकारी दवाखान्यात रडायला जागा नसते, हे बाहेरच्या लोकांना सुचत नाही. वॉर्डात रडलं तर पेशंट घाबरतो. गॅलरीत माणसंच माणसं. दरवाजा लावून घेता येईल अशी एकच खोली होती, ती माझी. वॉर्डात चेहरा सावरून बसलेली माणसं लिफ्टमध्ये शिरली की कोसळायची. मग मी काय करायचो, तर त्यांना उतरायचं असलेल्या मजल्यावर थांबायचोच नाही. सरळ शेवटच्या मजल्यापर्यंत वर न्यायचो आणि सावकाश खाली आणायचो. तोंड बटणांकडे. त्यांना वाटायचं लिफ्टच तशी चालली आहे. वरिष्ठांनी एकदा विचारलं, तुझी लिफ्ट रिकामी वर का जाते? मी म्हटलं, साहेब, जुनी आहे, तिच्या मनाला येईल तसं करते.

कापड मार्केटचा एक मोठा व्यापारी असाच माझ्या पाठीमागे भिंतीला डोकं लावून रडला होता. मी त्याला एक फेरी जास्त दिली. दुसऱ्या दिवशी पुढच्या दरवाजातून सहकुटुंब आला आणि मला ओळख दिली नाही. मला राग आला नाही. ज्याने आपल्याला रडताना पाहिलं त्याला कोण ओळख देईल? आणि एक भेस्तानच्या बाई होत्या. रोज सासऱ्यांचा डबा घेऊन यायच्या. एक दिवस डबा घेऊन वर गेल्या आणि तसाच घेऊन खाली आल्या. लिफ्टमध्ये डब्याकडे बघत म्हणाल्या, भाऊ, भाकरी गरम आहे, कुणी उपाशी असेल तर द्या. दरवाजाजवळ एक बिहारी माणूस भिंतीला टेकून बसला होता, त्याला दिला. तो जेवेपर्यंत बाई उभ्या राहिल्या. मग त्यांनी डबा नळावर धुतला आणि रडायला सुरुवात केली.

दवाखान्यात भाषेचे घोळ तर रोजचे. गुजरातीत पेशंटला घरी सोडलं की "रजा आपी" म्हणतात. आमच्या खानदेशी कारागिरांना रजा म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी द्यायचा हक्क शेठचा. एक जण मला म्हणाला होता, डॉक्टर मला रजा देतोय पण खात्यात माझी पाळी आहे, शेठला विचारल्याशिवाय मी कशी घेऊ? सगळी लिफ्ट हसली, तोही हसला. घोळ असेच असतात, हसून संपणारे. असं मला तेव्हा वाटायचं.

मंगल पहिल्यांदा लिफ्टमध्ये आली ती घाबरलेल्या चेहऱ्याने. तिशीच्या आतली असेल. नवरा बमरोलीला खात्यात मागावर होता, रवींद्र नाव. तापाने फणफणून पडला म्हणून खोलीतल्या सोबत्यांनी आणून भरती केला आणि हिला गावाहून बोलावून घेतलं. तिला सुरत नवी, गुजराती अजिबात येत नव्हती, हिंदी नावाला. मजला कोणता, वॉर्ड कुठला, काही सांगता येईना. तिचा पदर आणि बोलण्यातली ओढ बघून मी विचारलं, "कोनता वार्डमा जानं शे ताई?" अहिराणी ऐकली आणि ती लिफ्टमध्येच खाली बसली. मटकन. घर आल्यासारखी. मी तिला उठवलं, वॉर्डापर्यंत नेऊन सोडलं, एवढंच.

मग रोज येता-जाता बोलणं होऊ लागलं. नवऱ्याला मच्छरचा ताप, डेंग्यू. गावाकडे सासू एकटी, कौतिकबाई. तिचे गुडघे गेलेले. हा एकुलता एक. नवरा गेल्यावर कौतिकबाईने लोकांच्या शेतात निंदणी करून याला वाढवला होता. शुद्धीत आला की रवींद्र विचारायचा, माय उनी का? आई आली का? मंगल म्हणायची, येईल. पण गुडघे गेलेल्या बाईला एवढ्या लांब आणायचं कसं आणि कशासाठी, असं तिला वाटत होतं. ताप तर उतरेलच.

एके दिवशी दुपारच्या आधी ती लिफ्टमध्ये शिरली. हातात मोबाईल. रडत नव्हती. चेहरा असा, की मी आपोआप दांडा वरच्या बाजूला फिरवला. म्हटलं, काय झालं ताई? ती म्हणाली, सासूला फोन केला, निघून ये आणि लेकाचं तोंड बघून घे म्हणून. शेजाऱ्याने तिला रिक्षात घालून नंदुरबार स्टेशनला आणलंय, गाडीची वाट बघत बसली आहे. मी विचारलं, पण झालं काय?

"डाक्टर म्हनना, माटी जाशे."

आमच्याकडे कुणाच्या अंत्यविधीला जायचं तर माटीला जायचं म्हणतात. माटी म्हणजे सगळं संपलं. मला कळेना. कुठला डॉक्टर पेशंटच्या बायकोला असं तोंडावर सांगेल? मी विचारलं, नीट आठव, कसं म्हणाला? ती म्हणाली, "हासीसन म्हनना." हसून म्हणाला. तेच तिला जास्त लागलं होतं. शहरातली शिकलेली माणसं, माणूस मरणार हे हसत सांगतात, असं तिला वाटलं होतं. तरी तिने त्याला काही विचारलं नाही, मान हलवली आणि गॅलरीत जाऊन फोन लावला.

हसून म्हणाला म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मटी जशे! गुजरातीत मटी जशे म्हणजे बरं होईल. दुखणं मिटेल. डॉक्टर मटी म्हणाला आणि हिने माटी ऐकलं. मी तिला सांगितलं, पण एकदा सांगून पटेना. मग लिफ्टला कुलूप घातलं आणि तिला घेऊन वॉर्डात गेलो. डॉक्टर तरुण होता, चांगला मुलगा. मी घोळ सांगितला तसा तो आधी हसला, मग ओशाळला. रवींद्रचा ताप सकाळीच उतरला होता, त्याने चहा-बिस्किट खाल्लं होतं. डॉक्टरने माझ्याकडून अहिराणीतलं "बरं व्हई जाई" शिकून घेतलं आणि मंगलसमोर दोनदा म्हणून दाखवलं. रवींद्र खाटेवरून बघत होता. बायकोने आपल्याला मारून टाकलं होतं हे कळल्यावर तोही हसला. मी त्याला हसताना बघितलेलं ते एवढंच.

लिफ्टमध्ये आल्यावर मंगल पदर तोंडात कोंबून हसत होती आणि रडत होती. मी तिला शेवटच्या मजल्यापर्यंत फेरी दिली. मधेच तिला आठवलं, माय स्टेशनवर बसली आहे! फोन लावला. आवाज मोठा करून लावला होता, तिकडची गर्दी ऐकू येत होती, गाडीची घोषणा चालली होती. मंगल सांगत होती आणि तिकडून एकच विचारणा, पक्कं ना? पक्कं ना? मंगलने फोन माझ्या हातात दिला. तुम्हीच सांगा भाऊ, माझ्यावर तिचा भरवसा नाही.

मी सांगितलं, "माय, बरा शे तुना आंडोर. घर जाय. दोन-तीन दिनमा तोच यी तुले भेटाले."

तुझा लेक बरा आहे, घरी जा, तोच येईल तुला भेटायला. तिकडून विचारलं, तू कोण? म्हटलं, लिफ्टवाला. लिफ म्हणजे काय असतं? वर-खाली नेते ती. बरं, म्हणाली म्हातारी, आणि तुझं भलं होवो, तुझी लेकरं सुखी राहोत असं बरंच काही. मागून शेजारी म्हणत होता, गाडी आली, आता काय करायचं? तिने त्याला सांगितलेलं मी ऐकलं, चल घरी, लिफवाला म्हणतोय बरा आहे. गुडघे गेलेल्या बाईची गर्दीच्या गाडीतली यातायात आपण वाचवली, याचं मला फार समाधान वाटलं.

संध्याकाळी ही गोष्ट मी शोभाला रंगवून सांगितली. मटी आणि माटी. शोभा भाकरी थापता थापता पोट धरून हसली. हसून झाल्यावर तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, ठेसनवर आलीच होती म्हातारी तर येऊ द्यायची ना. मी म्हटलं, कशाला? तो बरा झाला. त्यावर ती म्हणाली, "बरा आंडोरले बी माय लागस ना."

बऱ्या लेकालाही आई लागते ना. मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच. आणि जेवायला बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर गेलो, लिफ्ट चालू केली आणि पहिलीच ट्रॉली त्या वॉर्डातून आली. चादर डोक्यापर्यंत ओढलेली. वॉर्डबॉय म्हणाला, "मागे." त्याच्या पाठोपाठ मंगल होती.

मी काय बघतोय ते मला कळायला वेळ लागला. ताप उतरल्यावरच काहींचं रक्त बिघडतं, रक्तदाब कोसळतो आणि मग हातात काही राहत नाही, हे त्या तरुण डॉक्टरने मला नंतर समजावून सांगितलं. सांगताना त्याचे डोळे सुजलेले होते. खोटं तो बोलला नव्हता. मीही खोटं बोललो नव्हतो. शब्दाचा अर्थ तोच होता, ताप उतरला होता, माणूस हसला होता. चुकीचं ऐकलं होतं ते एकट्या मंगलने. आणि तिचंच खरं झालं.

मी दांडा फिरवला. मधे कुठे थांबलो नाही. लिफ्टमध्ये आम्ही तिघे आणि ट्रॉली. मंगल रडत नव्हती. मी बटणांकडे तोंड करून उभा होतो आणि पाठीमागून तिचा आवाज आला, हळू, खरंच काहीतरी विचारून घ्यावं तसा.

"भाऊ, मटीना अर्थ तुम्ही सांगा व्हता तोच शे ना?"

तिने मला बोल लावला असता तर मला सोपं गेलं असतं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आपण ऐकलेलं खरं की भाऊने सांगितलेलं? मी म्हटलं, तोच आहे ताई. अर्थ तोच आहे. तिने मान हलवली असावी. तळमजला आला. त्या दिवशी मी जशी लेव्हल घेतली तशी आयुष्यात कधी घेतली नसेल. ट्रॉलीचं चाक कुरकुरलंदेखील नाही. त्याचा कुणाला काय उपयोग होता?

कौतिकबाई दुपारी आली. खात्यातल्या दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. लहानशी, वाळलेली बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात वहाणा नाहीत. शवागाराकडे जायला लिफ्टची गरज नव्हती, पण मंगल वर कागदपत्रांसाठी अडकली होती आणि म्हातारीला आधी तिच्याकडे जायचं होतं. त्यामुळे ती माझ्या लिफ्टमध्ये आली. वर जाताना मी तिच्याकडे तोंड फिरवलं नाही. फिरवायची हिंमत झाली नाही. खाली येताना मंगल बरोबर होती. तिने सासूच्या कानात काहीतरी सांगितलं. म्हातारीने माझ्या हाताला धरलं, दांडा धरलेल्या हाताला.

"तूच का रे तो लिफवाला?"

मी म्हटलं, हो माय. आता ही शिव्या देईल, छाती पिटेल, मी मनात म्हटलं, दे, माझ्या नशिबात ते आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दोन रात सुखमा झोपनू मी. जेवनू बी."

दोन रात्री सुखाने झोपले मी. जेवलेही. एवढंच बोलली आणि हात सोडला. मागचा दरवाजा उघडला आणि दोघी गेल्या.

त्या वाक्याने मला बरीच वर्षं छळलं. त्यात माफी होती का ठपका? तुझ्यामुळे दोन रात्री तरी सुखाच्या गेल्या, असं म्हणाली का तुझ्यामुळे माझा लेक मरत होता तेव्हा मी पोटभर जेवून झोपले होते, असं म्हणाली? शोभाला मी किती वेळा विचारलं असेल. तिचं उत्तर ठरलेलं. म्हातारीने जे झालं ते सांगितलं, तुम्ही त्याचा अर्थ काढत बसू नका, एकदा अर्थ सांगितलात त्याने एवढं झालं, ते पुरे नाही का?

काही महिने मी कुणाला काही सांगायचंच सोडून दिलं. कुणी विचारलं, भाऊ, डॉक्टर काय म्हणाला, तर मी म्हणायचो, मला गुजराती येत नाही. लेव्हल घ्यायची, दरवाजा उघडायचा, दरवाजा लावायचा. रडणाऱ्यांना जास्तीची फेरीही देईनासा झालो. एक दिवस शोभाच तिच्या मावशीला बघायला दवाखान्यात आली होती, तिच्यासमोर मी एका बाईला असं तोडून बोललो. घरी आल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, त्या म्हातारीला गाडीत बसू द्यायचं होतं, एवढंच चुकलं, तोंड शिवून घ्या असं कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी सांगायला लागलो, पण दोन वाक्यं सांगायचो. मटी जशे म्हणजे बरं होईल. आणि घरच्यांना बोलावून घ्या. पहिल्या वाक्याने फुललेला चेहरा दुसऱ्या वाक्याने पडायचा. बरं होणार आहे तर बोलवायचं कशाला? मी शोभाचं वाक्य सांगायचो, बऱ्या माणसालाही माणसं लागतात. काहींना पटायचं. पांडेसऱ्याच्या एका माणसाला इतका राग आला की त्याने माझी कॉलर धरली, म्हणाला, अपशकुनी म्हातारा. नंतर त्याचा भाऊ बरा होऊन, धडधाकट होऊन, पुढच्या दरवाजातून चालत घरी गेला. जाताना गावाहून आलेली सगळी मंडळी बरोबर होती, आई, मावशी, दोन मेव्हणे. कॉलर धरणाऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही. असे पुष्कळ गेले. मी बोलावून घेतलेली माणसं बहुतेक वेळा उगाचच आली, हे सांगितलं पाहिजे. दवाखान्यात गर्दी वाढवली म्हणून सिस्टरही माझ्यावर चिडायच्या.

निवृत्तीच्या वर्षी जुनी लिफ्ट काढली. नवीला दांडा नाही, जाळी नाही, मागचा दरवाजाही नाही. लेव्हल ती आपली आपण घेते आणि माझ्यापेक्षा चांगली घेते, हे कबूल करायला हवं. मजला आला की एक बाई गोड आवाजात नाव सांगते. तिला काही विचारता येत नाही.

या वर्षी होळीनंतर शोभाला न्यूमोनिया झाला. उधन्याच्या एका खासगी दवाखान्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी जरा हुशार वाटली, तांदळाची पेज प्यायली. डॉक्टर राउंडला आले, तपासलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाले, "काका, चिंता नहीं करो, मटी जशे."

मी हो म्हटलं आणि बाहेर आलो. लिफ्टपाशी गेलो. स्टीलच्या भिंती, आपोआप लागणारा दरवाजा. आत शिरलो आणि शेवटच्या मजल्याचं बटण दाबलं. मधल्या मजल्यावर एक अनोळखी बाई आत आली, पन्नाशीची, हातात फळांची पिशवी. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड बटणांकडे केलं. वरचा मजला आला तरी उतरली नाही. खाली येईपर्यंत तशीच उभी होती. कोण होती, कुठली होती, मला माहीत नाही. दवाखान्यात नोकरी केलेली असेल. किंवा नसेलही.

खाली आल्यावर मी मुलीला फोन लावला. प्रिती बंगळूरला असते. तिचा पहिला प्रश्न, पप्पा, डॉक्टर काय म्हणाले? मी सांगितलं, बरं होईल म्हणाले. मग मी शनिवारी येते ना, ती म्हणाली, आज-उद्या ऑफिसात फार गडबड आहे, आणि मम्मी बरी आहे म्हणताय.

"म्हणूनच आज निघ," मी म्हटलं. "बऱ्या आईलाही पोरगी लागते."

तिने तिकडे कुणाला तरी थांब म्हटलं. मग काही न विचारता हो म्हणाली. सकाळी विमानाने आली, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून आईच्या खाटेवर जाऊन बसली. शोभा तिला आधी रागावली, एवढ्या दुरून कशाला आलीस, तुझ्या पप्पांनी घाबरवलं असणार, त्यांची जुनी खोड आहे. मग दोघी बोलत बसल्या. दिवसभर बोलल्या. प्रितीने तिचे केस विंचरले, वेणी घातली. गुजरातीत शिकलेली माझी पोरगी आईशी मोडकंतोडकं अहिराणी बोलत होती आणि शोभा तिच्या चुका काढून हसत होती. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होतो. ऐकण्याचीच सवय.

दुपारी प्रिती औषधं आणायला खाली गेली तेव्हा शोभाने मला जवळ बोलावलं. दम लागत होता. मला वाटलं काही हवं असेल, पाणी वगैरे. तिने दाराकडे बघितलं, पोरगी गेली तिकडे, आणि म्हणाली, "बलाई लिधी तिले. बरं करं."

तिला बोलावून घेतलंत. बरं केलंत. दोन दिवसांनी ती गेली. मटी गयुं नाही. पण बरं हा शब्द त्या दवाखान्यात मी ऐकला तो एवढा एकदा, आणि तो तिच्या तोंडून.